नाथूमामांचा पहिला रॉड

नाथूमामा ऑफिसात येण्याआधी त्यांचा आवाज येतो. एकतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान गेलेत, आणि आपले गेले म्हणजे सगळ्या जगाचेच गेले असणार अशी त्यांची समजूत आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला आमचं ऑफिस आहे. खाली रिगच्या सामानाचं स्टोअर, वर आम्ही चार माणसं. मामा खाली वॉचमनला "च्या घेतलास का रे?" असं विचारतात तेव्हा वर बसलेली मी "घेतला" म्हणून मोकळी होते.

आमची कंपनी बोअर मारते. महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना पाणीयोजनेतून जे बोअर मिळतात त्यातले बरेचसे आमचे, आणि आमचे म्हणजे नाथूमामांचे. ते आमचे ड्रिलर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, म्हशी राखणाऱ्या घरात जन्मले. शाळा चौथीपर्यंत. सत्ताविसाव्या वर्षी रिगवर, म्हणजे बोअर मारायच्या यंत्रावर, रॉड उचलायला लागले आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी रिगचा दांडा त्यांच्या हातात असतो. बोअरमधून उडालेली भुकटी चिमटीत घेतात, नाकाशी नेतात आणि खाली काय लागणार ते सांगतात. एकदा पुण्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "वासावरून कसं काय कळतं हो?" मामा म्हणाले, "तुमच्या घरात भाजी करपली तर तुमाला कसं कळतं?" 

मामांना कशाचाही राग येत नाही. जेवणाला उशीर झाला, गाडी घाटात बंद पडली, सरपंचानं दुसऱ्याच जागी बोअर मारायला लावला, मामा आपले शांत. फक्त त्यांच्या वहीबद्दल कुणी काही बोलायचं नाही. प्रत्येक बोअरची नोंद ते स्वतः पेन्सिलीनं लिहितात, कारण पेनाची शाई चिखलात फुटते. जमिनीत एकाला एक जोडून सोडलेल्यांपैकी कितवा रॉड, कुठला दगड, पाणी कुठं लागलं, सगळं. वह्या खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून गाडीत सीटखाली ठेवतात आणि त्या पिशवीवर कुणाला बसू देत नाहीत.

मी रंजिता. या नोंदी कॉम्प्युटरात भरणं हे माझं काम. गेल्या वर्षी पुण्याच्या मुख्य ऑफिसनं त्यासाठी सॉफ्टवेअर आणलं आणि मामांच्या वह्यांच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर येऊन पडल्या. त्या वर्षातले चौतीस बोअर. मी पहिला भरला आणि पडदा लाल झाला. दुसरा भरला, तोही लाल. मग मी नीट पाहिलं. मामांचं प्रत्येक पान दोनपासून सुरू होत होतं! वर एक काळा डाग, त्याखाली दोन, तीन, चार. चौतीसच्या चौतीस पानं तशीच.

मला हसूच आलं. म्हटलं, चौथी शिकलेला माणूस, वळण पडलं असेल. सॉफ्टवेअरमध्ये यावर सोय होती. जुन्या नोंदी निवडायच्या आणि 'क्रमांक पुन्हा लावा' असं एक बटण दाबायचं. दोनाचा एक झाला, तिनाचा दोन झाला, पडदा हिरवागार. दोन दिवसांत मी चौतीस बोअर दुरुस्त केले. पुण्याहून मेल आला, 'उत्कृष्ट काम', आणि खाली टाळ्या वाजवणाऱ्या दोन हातांचं चित्र. ते मी आईला दाखवलं, शेजारच्यांना दाखवलं आणि एकदा खुद्द नाथूमामांनाही दाखवलं. ते म्हणाले, "वा! छान हायत हात."

हे झालं नोव्हेंबरात. मे महिन्यात उंबरपठारचा बोअर बिघडला.

उंबरपठार ही डोंगरावरची वीस घरांची वाडी. बोअर क्रमांक सत्तावीस. तिथं मामांची थोरली बहीण बयाबाई दिलेली आहे. डिसेंबरात तिथं मोटर बसवली, थंडीभर ती छान चालली. मेमध्ये पाणी खाली गेलं आणि मोटर नुसतीच घरघरायला लागली. बयाबाईनं भावाला फोन लावला. तो फोन मामांनी आमच्या ऑफिसात घेतला. त्या घराण्यात सगळ्यांचेच आवाज मोठे, त्यामुळे स्पीकर वगैरे लावावा लागला नाही.

"नाथ्या! भावानं बोअर मारला आन बहिणीला वारा पाजलास रे!"

"अगो बाय, पाणी हाय त्यात! बाराव्या रॉडाला झरा हाय!"

"मग तूच ये आन पी!" बयाबाईनं फोन आपटला. 

पुण्याचा माणूस उंबरपठारला गेला, त्यानं बोअरमध्ये टेप सोडला. सॉफ्टवेअरमध्ये खोली दोनशे साठ फूट होती, टेप गेला दोनशे ऐंशी. वीस फुटांचा फरक, म्हणजे बरोबर एक रॉड, कारण आमचा रॉड वीस फुटांचा. मोटर सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावरून सोडलेली होती, त्यामुळे ती झऱ्याच्या वर लटकत राहिली आणि पाणी उतरल्यावर हवा ओढायला लागली. मग त्यानं आणखी दोन ठिकाणी टेप सोडला. तिथंही तेवढाच फरक. पुण्याहून आमच्या ऑफिसच्या सुधीर साहेबांना पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की ड्रिलरला रॉड मोजता येत नाहीत, त्याच्या चौतीस बोअरच्या नोंदी त्याला समोर बसवून शनिवारपर्यंत दुरुस्त कराव्यात, आणि सोमवारपासून त्याला रिगवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवावं.

सुधीर साहेबांनी हे मामांना सांगायचं काम माझ्यावर टाकलं. साहेबांना मामांच्या आवाजाची भीती वाटते. मी सांगितलं, पण मामा ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "स्टोअरात काय करायचं?"

"नटबोल्ट मोजायचे. आलेले, गेलेले."

"बसून?"

"हो, खुर्चीवर."

मामांनी टोपी काढली आणि परत घातली. त्यांची नोकरीची दोन वर्षं राहिली होती. रिगवर उभा राहिलेला माणूस खुर्चीवर बसून नटबोल्ट मोजणार, आणि बहीण त्याच्याशी बोलत नाही. मला वाईट वाटलं, अगदी खरं सांगते. पण वाईट वाटतानासुद्धा मला वाटत होतं की चूक यांचीच आहे. प्रत्येक बोअरचा पहिला रॉड लिहायला हे विसरले, म्हणून तर पान दोनपासून सुरू! मी फक्त आकडे सरळ केले होते.

गुरुवारी सकाळी आम्ही दुरुस्तीला बसलो. जुनी नोंद बदलायची तर सॉफ्टवेअर आधी कारण विचारतं. त्याची यादी ठरलेली आहे.

"वाच," मामा म्हणाले.

"टायपिंगची चूक."

"मी टायपिंग करतो?"

"उपकरणातला दोष."

मामांनी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या रिगकडे पाहिलं. "तिला दोष लावतेस? ती समोर उभी हाय गो!"

"नोंद करायची राहिली."

मामा उठले. "चाललो मी." मी त्यांना बाहीला धरून बसवलं.

"मग शेवटचं. अन्य."

"अन्य म्हंजे?"

"वेगळं काही कारण असेल तर आपण लिहायचं. कमीत कमी वीस अक्षरं पाहिजेत."

मामांनी विचार केला. "लिही. नाथूची चूक नाय."

मी मोजलं. "सातच अक्षरं झाली मामा."

"मग तीनदा लिही."

माझं डोकं सटकलंच होतं. लिहिलं तीनदा. आणि त्या शहाण्या सॉफ्टवेअरनं ते घेतलं! एकवीस अक्षरं, कारण मंजूर. पुढची चौकट उघडली, 'चुकीला जबाबदार कर्मचारी', आणि त्यात नाव भरल्याशिवाय काही पुढं जाईना. मी 'ना' टाइप केलं. मामांनी ते बघितलं. वाचायला वेळ लागतो त्यांना, पण स्वतःचं नाव ते लांबून ओळखतात.

"माझ्या वहीत चूक नाय," ते म्हणाले. या वेळी हळू म्हणाले, म्हणजे आपण नेहमी बोलतो तसे.

"मग पहिला रॉड गेला कुठं?" मी ओरडले. "चौतीस बोअर मारलेत तुम्ही, चौतीस! एकाचाही पहिला रॉड लिहिलेला नाही. जमिनीनं गिळला का तो?"

मामांनी माझ्या मनगटाला धरलं आणि मला खाली स्टोअरमध्ये नेलं. भिंतीशी रॉड रचून ठेवले होते. "उंबरपठारला चौदा गेलं," ते म्हणाले. "आता बघ." आणि प्रत्येक रॉडावर तळहात ठेवत ते मोजायला लागले. "लाभ. दोन. तीन. चार..."

चौदापर्यंत मोजलं. चौदाव्या रॉडावर हात ठेवून माझ्याकडे वळले.

मी तोवर कुठल्या कुठं गेले होते. शिवथरच्या खोऱ्यात आमची भातशेती आहे. झोडणी झाली की बाबा खळ्यावर पायलीनं भात मोजायचे आणि मी पोत्याचं तोंड फाकवून धरायची. पहिली पायली ओतताना बाबा कधी 'एक' म्हणायचे नाहीत. 'लाभ' म्हणायचे. मग दोन, मग तीन. पहिल्या मापाला आकडा लावायचा नाही, ते देवाच्या नावानं. आठ वर्षांची असल्यापासून मी हे ऐकत आले होते. पुढं बारावी झाली, कॉम्प्युटरचा कोर्स झाला, महाडला नोकरी लागली, आणि मी एकापासून मोजायला लागले.

"मामा, वही दाखवा," मी म्हटलं. "झेरॉक्स नको. खरी वही."

त्यांनी गाडीतून खताची पिशवी आणली. चौतीस बोअर मी दुरुस्त केले होते, पण ती वही हातात घ्यायची माझी ही पहिलीच वेळ. सत्तावीस नंबरचं पान उघडलं. वरच्या ओळीत हळदकुंकू लावलेलं होतं, आणि त्याच ओळीत पुढं बारीक पेन्सिलीनं 'मुरूम, लाल'. झेरॉक्समध्ये त्या सगळ्याचा काळा डाग झाला होता.

"पयल्या रॉडाला नारळ फोडतो," मामा म्हणाले. "ते कुंकू हितं पन लावतो. त्याला लंबर देत नाय. पन मोजतो ना! न मोजून कसं चालंल?"

वर येऊन मी सॉफ्टवेअरमध्ये 'बदलांचा इतिहास' उघडला. तिथं काही लपत नाही. तारीख, वेळ, जुना आकडा, नवा आकडा, बदल कोणी केला. चौदाचा तेरा केला, रंजिता. बाराचा अकरा केला, रंजिता. चौतीस वेळा माझं नाव, एकाखाली एक. मामांची नोंद पहिल्या दिवसापासून बरोबर होती, आणि ती मी बिघडवून टाळ्या घेतल्या होत्या.

मला रडू यायला लागलं. मामांना वाटलं, पडदा परत लाल झाला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वहीतलं बरोबर होतं, मी ते बदललं, म्हणून मोटर वर लटकली.  मग मी जबाबदार कर्मचाऱ्याच्या चौकटीतलं 'ना' खोडलं आणि माझं नाव भरलं. आता फक्त ड्रिलरचा अंगठा पाहिजे होता, की दुरुस्ती त्याला मान्य आहे.

"मी नाय देत," मामा म्हणाले.

"का?"

"तुला काढतील."

"काढू देत."

"माझं नाव घाल. माझी दोन वर्षं ऱ्हायलीत, तुझी तीस हायत. मी बसन स्टोअरात."

मला इतका राग आला की काय सांगू. तासाभरापूर्वी हा माणूस स्वतःच्या नावावरच काय, रिगवरसुद्धा डाग येऊ देत नव्हता, आणि आता माझ्यासाठी ते नाव चौतीस ठिकाणी खराब करायला निघाला होता. मी टेबलावर हात आपटला. "मामा, तुमचं बरोबर आहे! बरोबर असल्याचा अंगठा द्यायला कसले आढेवेढे घेताय?"

सुधीर साहेब त्यांच्या केबिनमधून डोकावले आणि दार लावून घेतलं.

मामांनी वहीची कड चोळून सरळ केली. मग म्हणाले, "तू मला एक फोन करायचा व्हतास गो."

तेवढंच म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. दोन दिवस मी त्यांच्या आकड्यांवर बसले होते. फोन माझ्या उजव्या हाताशी होता. 'मामा, पान दोनपासून का सुरू होतं?' एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मग ठीक हाय," मामा म्हणाले आणि अंगठा पुढं केला.

पण अंगठ्याचं मशीन तो घेईना. एकतीस वर्षं रॉड उचलून त्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मशीन म्हणे, 'कृपया बोट ठेवा.' मामा ओरडले, "ठेवलंय की!" डावा अंगठा ठेवला, तर्जनी ठेवली, मधलं बोट ठेवलं. शेवटी मशीनला डाव्या हाताची करंगळी पसंत पडली. चौतीस दुरुस्त्यांवर नाथूमामांची करंगळी उमटली आणि संध्याकाळी पाच वाजता आम्ही उठलो.

सुधीर साहेबांनी यादी चाळली. "सगळीकडे तुझं नाव?"

"हो."

"एखाद्या ठिकाणी 'तांत्रिक कारण' लिहिलं असतं तरी..."

"पाठवा," मी म्हटलं.

शुक्रवारी उत्तर आलं. ड्रिलरनं रिगवरच राहावं. मला एक तंबीचं पत्र आणि 'हस्तलिखित नोंदी कशा वाचाव्यात' या विषयावरचा चार तासांचा व्हिडिओ सक्तीचा. तो मी पाहिला. त्यातल्या माणसानं आयुष्यात चिखलाची वही पाहिलेली नाही, हे मी पैजेवर सांगते.

शनिवारी मामा म्हणाले, "चल उंबरपठारला." मोटर वर ओढून, वीस फुटांचा एक पाइप जोडून परत खाली सोडायची होती. ऑफिसातलं माणूस त्यासाठी लागत नाही. पण ते गाडीपाशी उभे राहिले आणि मी बसेपर्यंत हलले नाहीत.

वाडीतल्या बाया बोअरभोवती आधीच जमल्या होत्या. हंडे रांगेत लावलेले. बयाबाई सगळ्यांच्या पुढं, कमरेवर हात ठेवून. तिनं भावाला 'ये' म्हटलं नाही. मामांनी पाइप जोडला, मोटर सोडली, बटण दाबलं. आधी नुसती हवा आली, मग गढूळ पाणी थुंकल्यासारखं आलं, आणि मग नळातून जाड धार पडायला लागली.  बयाबाईनं धारेखाली हात धरला, पाणी तोंडाला लावलं आणि मगच भावाकडे पाहिलं.

"आता बोल नाथ्या. चूक कुनाची व्हती?"

मामांनी घसा खाकरला. "कंपुटरची," ते म्हणाले. सगळ्या डोंगराला ऐकू गेलं असेल.

त्यांनी मला वाट काढून दिली होती. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. ऑफिसात चौतीस वेळा नाव टाइप करताना बोटं थांबली नव्हती. इथं मात्र पंधरा बाया समोर होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर चुंबळ होती. 

"माझी," मी म्हटलं. "मामांनी बरोबर लिहिलं होतं. मी त्यांना न विचारता आकडे बदलले."

बयाबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या चपलांवर तिची नजर जरा जास्त थांबली.

"बारा दिस," ती म्हणाली. "खालच्या पाणवठ्यावरनं. दिसाला सात हंडं."

मग तिनं डोक्यावरची स्वतःची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली, धारेखाली भरलेला हंडा वाकून उचलला आणि त्यावर ठेवला. "ह्यो तू ने. वरलं शेवटचं घर. म्हातारी हाय, माझी सासू."

मामा पुढं आले. बयाबाईनं हातानंच त्यांना थांबवलं.

मी चालायला लागले. शंभर पावलांचा चढ होता, पण त्या दिवशी तो संपता संपेना. हंडा डावीकडे झुकला की मी उजवीकडे जायची, मग तो तिकडे झुकायचा. पाणी मानेवरून, पाठीवरून, चपलांत. मागून एकही बाई हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. वरच्या घराच्या ओट्यावर म्हातारी बसली होती. तिनं हंडा खाली घ्यायला मदत केली, त्यात डोकावून माझ्याकडे पाहिलं.

"अर्दाच?" ती म्हणाली.

मी रिकामी कळशी मागून घेतली आणि उरलेलं पाणी आणायला खाली गेले.